उलट्या ठेक्याची वरात

कमलाकर टिपणीस मिडल क्लास सोसायटीत राहतात. हे त्यांचं वर्णन नाही, पत्ता आहे. पनवेलबाहेरच्या माणसांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं. समजावून झालं की ती माणसं टिपणिसांकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघतात आणि "हो का" म्हणतात. ते "हो का" टिपणिसांना आवडत नाही.

या टिपणिसांचा फॉर्म भरण्यात हात धरणारा माणूस अख्ख्या सोसायटीत नव्हता. खाडाखोड नाही, रकान्याबाहेर अक्षर नाही, "लागू नाही" लिहायच्या जागी नुसती रेघ नाही. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं रेशनकार्ड, पासपोर्ट, गॅसची बदली त्यांच्या हातून गेली होती आणि त्यांनी भरलेला एकही फॉर्म आजवर परत आला नव्हता. त्यामुळे त्यांच्या मुलीनं, इरानं, एका संध्याकाळी चहा पिता पिता "बाबा, मैदानात वाजवायला परवानगी लागते, एखादा एजंट गाठू का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"एजंट?" ते म्हणाले. "या घरात?"

इरा ट्राँबोन वाजवते. तिच्या बँडचं नाव खाजण. सोसायटीचे सेक्रेटरी परेशभाई त्याला सुरुवातीला "खाज" म्हणायचे. मग टिपणिसांनी त्यांना उभं करून सांगितलं, की खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती जमीन, आपण सध्या जिच्यावर उभे आहोत तीही पूर्वी बहुधा तीच. तेव्हापासून परेशभाई बँडचं नावच घेत नाहीत, "बेबीचं ते" म्हणतात.

खाजण काय वाजवतं हे समजून घेण्याचा घरात प्रामाणिक प्रयत्न झाला होता. "स्का, डब, फंक आणि पंक," इरा म्हणाली होती.

"शेवटचे दोन एकच ना?" वसुंधराबाईंनी विचारलं होतं.

"नाही, आई."

टिपणिसांनी वही घेतली होती. ठेका नेमका कुठं पडतो हे कळलं की बाकीचं आपोआप कळेल, असं त्यांचं म्हणणं. इरानं टाळ्या वाजवून दाखवल्या. एक-आणि-दोन-आणि. सगळं जग 'एक'वर वाजवतं, स्कामध्ये गिटार 'आणि'वर वाजते. "म्हणजे तुमच्यात 'आणि' हाच मुख्य शब्द आहे," टिपणीस म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. इतकं नेमकं समीक्षण खाजणला पुढं कधी मिळालं नाही, असं इरा अजून म्हणते.

खाजण पुण्यात वाजलं होतं, मुंबईत चार वेळा वाजलं होतं. पनवेलमध्ये एकदाही नाही. सहाच्या सहा जण पनवेलचे, आणि त्यांना ऐकायला पनवेलकरांनी खाडी ओलांडून जायचं, हे इराला लागून राहिलं होतं. त्यातच सॅक्सोफोन वाजवणारी रेवा सोमवारी चेन्नईच्या नोकरीवर रुजू होणार होती. त्यामुळे शनिवार हा एकच दिवस होता. काशीरामशेठ भगतांनी आपलं मैदान देऊ केलं होतं. पोस्टरं लागली होती. राहिली होती फक्त परवानगी.

"ती माझ्यावर सोड," टिपणीस म्हणाले. इरानं सोडली. मुलगी सव्वीस वर्षांची झाली की बापावर सोडण्यासारख्या गोष्टी फार उरत नाहीत. त्यामुळे टिपणिसांनी त्या दिवशी नवं पेन काढलं.

नववा रकाना होता 'कार्यक्रमाचे स्वरूप (थोडक्यात)'. इरा म्हणाली, "लाइव्ह कॉन्सर्ट लिहा." टिपणीस म्हणाले, सरकारला थोडक्यात सांगायचं असतं, इंग्रजीत नव्हे. त्यांनी लिहिलं: 'बँड'. दहावा रकाना वाद्यांचा. ट्रंपेट एक, ट्राँबोन एक, सॅक्सोफोन एक, ड्रम, गिटार दोन. खाली दोन ओळी मोकळ्या होत्या. मोकळी जागा सोडलेली त्यांना खपत नाही.

"तुम्ही बसून वाजवता की उभ्यानं?"

"उभ्यानं. म्हणजे नाचतच."

'वादक उभ्याने व नाचत वाजवितात,' त्यांनी लिहिलं. मग सत्याला धरून पुढं जोडलं: 'उपस्थितही नाचतात.'

कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी फॉर्म वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. असा स्वच्छ फॉर्म त्यांच्याकडे क्वचितच येत असावा. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"शनिवारचाच मुहूर्त ना?"

"तोच एक दिवस आहे," टिपणीस म्हणाले.

"पाच ते आठ. म्हणजे गोरज. छान. निघणार भगतांच्या मैदानातून. आणि शेवटी जाणार कुठं?"

या प्रश्नाचा टिपणिसांना थोडा अचंबा वाटला, पण आपली आस्थेनं चौकशी होते आहे, असं समजून ते म्हणाले, "कुठं जाणार? घरी."

गृहस्थांनी वरचा पत्ता बघून ते लिहून घेतलं. बुधवारी परवाना हातात आला. टिपणिसांनी त्यावरचा शिक्का बघितला, सही बघितली आणि तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. स्वतः लिहिलेलं ते तीनदा वाचतात. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचत बसायची सवय त्यांना नाही.

तो वाचला परेशभाईंनी, शुक्रवारी संध्याकाळी, नोटीस बोर्डावर झेरॉक्स लावताना. परेशभाईंचा कळंबोलीला लोखंडाचा धंदा आहे, त्यामुळे कुठलाही कागद ते खालून वर वाचतात; अटी खाली असतात.

"टिपणीसभाई, लग्न कोणाचं आहे?"

"कसलं लग्न?"

"या कागदावर वरात लिहिलीय ना. बघा. 'सदर परवाना केवळ वरातीकरिता. वाद्ये वरातीसोबत चालती असावीत. वरात एका ठिकाणी पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ थांबू नये.' बेबीचं ठरलं आणि आम्हाला सांगितलं नाय तुम्ही."

टिपणिसांनी कागद हातात घेतला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. कचेरी आता थेट सोमवारी उघडणार होती, आणि सोमवारी रेवा चेन्नईत असणार होती. त्यांच्या लक्षात आलं, की त्या गृहस्थांची यात काही चूक नाही. ट्रंपेट, ट्राँबोन, उभ्यानं, नाचत, गोरज मुहूर्त, आणि शेवटी घरी. त्यांच्या फॉर्ममध्ये एक अक्षर चुकीचं नव्हतं. म्हणूनच तो इतका पक्का चुकला होता.

जिन्यात माणसं जमली. पहिल्या मजल्यावरच्यांचं मत पडलं, की स्पीकर न लावता वाजवावं. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, की कार्यक्रमच भजनाचा करावा, भजनाला कोणी काही म्हणत नाही, सॅक्सोफोन मागं उभा करावा. परेशभाईंचा सल्ला सर्वांत व्यवहारी होता. "टपाल नाक्यावर जाऊन वाजवा. तिथं पाच मिनिट काय, अर्धा तास कोणी हलत नाय. कोण थांबलाय आणि कोण चाललाय, देवाला पण नाय समजत."

टिपणीस फोल्डर घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार उदयसिंह घोरपडे शांत स्वभावाचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, साधं आहे. कागदावर वरात आहे. वरात निघाली तर मी स्वतः बंदोबस्ताला येतो. मैदानात उभं राहून वाजवलं तर मी स्वतः बंद करायला येतो. येणार मीच आहे."

"वरात म्हणजे तुमच्या मते नेमकं काय?" टिपणिसांनी विचारलं. व्याख्या स्पष्ट असावी.

"नवरा पाहिजे, नवरी पाहिजे, वाजंत्री पाहिजे आणि चालती पाहिजे."

"वाजंत्री आहेत."

"मग पाऊण काम राहिलं."

घरी आल्यावर त्यांनी इराला सांगितलं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "असू दे बाबा. होतं असं." मग आत जाऊन तिनं रेवाला फोन लावला, आणि दाराच्या फटीतून तिचा हळू आवाज येत राहिला. कोणी आपल्या चुकीवर पांघरूण घालतं तेव्हा ते किती तोकडं असतं, हे टिपणिसांना साठाव्या वर्षी समजलं. त्यांनी नवं पेन खिशातून काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

वसुंधराबाई भाजी निवडत होत्या. शेंगा मोडता मोडता त्या म्हणाल्या, "अहो, आपली वरात निघाली नव्हती."

"काय?"

"आपलं लग्न अलिबागला रजिस्टरनं झालं. सह्या केल्या, खानावळीत जेवलो आणि एस.टी.नं पनवेलला आलो. वरात राहिलीच आहे."

टिपणीस उठून कपाटाकडे गेले. लग्नाचा दाखला मिळाला. एकतीस वर्षांपूर्वीचा, पण शिक्का स्वच्छ. त्यांनी परवान्याच्या अटी आता खालून वर वाचल्या. लग्न आणि वरात यांच्यात जास्तीत जास्त किती अंतर असावं, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

"पण वसू... अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, उशीर झाला," वसुंधराबाई म्हणाल्या. "तो झालाच आहे."

काशीरामशेठना फोन गेला. शेठ खाजणच्या एका तालमीला येऊन बसले होते आणि त्यांनी तिथंच निकाल दिला होता: "यो आमच्या हळदीच्या बेंजोवानीच हाय, निस्ता ठेका उलटा परतंय." वरातीचं ऐकून ते फोनवर खूश झाले.

"तुमी कशाला घाबरता, टिपणीस? ट्रॉली हाय, जनरेटर हाय, भाच्याची बग्गी हाय. आमच्याकरं वरातीला काय कमी नाय. नवरा-नवरीचाच काय तो वांदा होता, त्ये तुमी घरातलंच काढलंत."

"बग्गी नको. साधी मोटार चालेल."

"मोटारीत बसलेला नवरा कुनाला दिसतो? बग्गीच. आमची गोदू शानी घोरी हाय, दोनशे वराती केल्यान तिनं."

शनिवारी पाच वाजता मैदानात जी माणसं कार्यक्रम ऐकायला आली होती, त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ड्रम, गिटारवाले, जनरेटर आणि आवाजाच्या पेटीपाशी बसलेला, खाजणचा आवाज सांभाळणारा शार्दूल दिसला. ट्रॉलीपुढं इरा, रेवा आणि ट्रंपेटवाला उभे. त्यांच्यापुढं लाल मखमलीची, बल्बच्या माळा लावलेली बग्गी, आणि बग्गीत हिरवी पैठणी नेसून निवांत बसलेल्या वसुंधराबाई. शेजारी टिपणीस. फेटा परेशभाईंनी बांधला होता. मुंडावळ्यांना टिपणिसांचा विरोध होता, पण हवालदार म्हणाले, नवरदेव ओळखू आला पाहिजे. मुंडावळ्या चष्म्याच्या काड्यांत अडकल्या. त्यामुळे मान वळवली, की चष्मा जागेवर राही आणि टिपणीस एकटेच वळत.

पहिलं गाणं स्का होतं. ते सुरू झालं आणि गोदूनं पुढचा पाय उचलला. तो तसाच राहिला.

गोदूनं आयुष्यात दोनशे वराती 'एक'वर पाय टाकत केल्या होत्या. इथं 'एक' आला आणि काहीच झालं नाही. तिनं पाय खाली घ्यायला सुरुवात केली, तोवर 'आणि' वाजला. तिनं पाय परत वर घेतला. बग्गी पुढं जायची, थबकायची, पुन्हा जायची. प्रत्येक ठेक्याला टिपणिसांचा फेटा पुढं यायचा आणि अर्ध्या ठेक्यानं मागं जायचा.

"साहेब, तुमचा बँड चुकतोय," बग्गीवाला म्हणाला. "घोडी बरोबर आहे."

"बँड चुकत नाही. ते 'आणि'वर वाजवतात."

"मग हे घोडीला सांगा."

घोडीला सांगण्याची सोय नव्हती. पण लाईन आळीच्या वळणावर गोदूनं एकदा मान झटकली, एक पाऊल गाळलं, आणि तिथून पुढं तिचा प्रत्येक पाय बरोबर 'आणि'वर पडू लागला. बग्गी पाळण्यासारखी झुलू लागली. जी गोष्ट टिपणिसांना वहीची दोन पानं घालवून कळली होती, ती तिला अर्ध्या आळीत कळली. त्यांना तिच्याबद्दल आदर वाटला, आणि थोडं वाईटही.

गॅलऱ्यांत माणसं आली. दुकानदार पायरीवर आले. मैदानात खुर्च्या दोनशे मांडल्या होत्या, रस्त्याला मोजदाद नव्हती. फंक सुरू झालं तसे कुठल्याशा हळदीला नाचून आलेले काही जण कमरेवर हात ठेवून आत शिरले आणि हे गाणं आपल्यासाठीच केलेलं असावं अशा थाटात नाचू लागले. एक एस.टी. शेजारून सरकत होती. खिडकीतल्या बाईंनी वसुंधराबाईंना विचारलं, "दुसरं का हो?"

"नाही. तेच आहे," वसुंधराबाई म्हणाल्या.

टपाल नाक्याला डब आलं. डब हा मुळात एका जागी उभं राहून ऐकायचा प्रकार. बेस इतका जड आणि सावकाश, की पोटातलं पाणीदेखील थांबतं. ट्रॉली थांबली. गोदू थांबली. नाचणारे थांबले आणि नुसते डुलू लागले. त्या संथपणावर रेवानं सॅक्सोफोन तोंडाला लावला, डोळे मिटले, आणि इरानं बाकीच्यांना हातानं खूण केली: तिला वाजवू द्या.

हवालदारांनी बग्गीच्या चाकाशी येऊन घड्याळ दाखवलं. "साहेब, चार मिनिटं झाली. हे गाणं केवढं आहे?"

"अकरा मिनिटांचं."

"मग मला सहाव्या मिनिटाला बंद करावं लागेल. मलाही आवडतंय, पण कागद आहे."

टिपणिसांनी मान वळवली. चष्मा जागेवर राहिला, तो त्यांनी हातानं सारखा केला आणि मागं बघितलं. रेवाचे डोळे मिटलेलेच होते. इरा तिच्याकडे बघत होती, जशी शाळेच्या शेवटच्या दिवशी मुली एकमेकींकडे बघतात तशी. सोमवारनंतर हे असं पुन्हा उभं राहणार नव्हतं. ते बग्गीत उभे राहिले. फेटा बल्बच्या माळेला लागला. भर नाक्यावर, अख्ख्या पनवेलसमोर, मुंडावळ्या बांधलेल्या टिपणिसांनी उजवा हात वर केला आणि हवेत एक मोठं वर्तुळ काढलं.

"गोल," ते ओरडले. "नाक्याभोवती गोल फिरा. थांबू नका."

बग्गी वळली. ट्रॉली वळली. वाजवणारे, नाचणारे, दोन रिक्षा आणि अडकलेली एस.टी., सगळे त्या संथ बेसवर नाक्याभोवती फिरू लागले. रेवानं डोळे उघडले नाहीत. इरानं तिच्या कोपराला धरून तिला चालवलं.

"आता वरात चालती आहे का?" टिपणिसांनी विचारलं.

हवालदारांनी विचार केला. "चालती आहे," ते म्हणाले. मग तेही फेऱ्यात सामील झाले, कारण मध्ये उभं राहायला जागा उरली नव्हती. अकरा मिनिटांच्या गाण्याची सोळा मिनिटं झाली. वसुंधराबाईंनी नऊ फेऱ्या मोजल्या.

शेवटचा टप्पा पंकनं गाठला. वरातीनं थांबू नये असं कागदावर होतं, पळू नये असं नव्हतं. गोदूला तर ते गाणं फारच आवडलं. ती उधळली म्हणता येणार नाही, पण सोसायटीचं फाटक आलं तेव्हा हवालदार बरेच मागं होते आणि काशीरामशेठ ट्रॅक्टरवरून "हळू, आरं हळू, नवरा पडंल" असं सांगत येत होते. नवरा पडला नाही. फेटा पडला. तो परेशभाईंनी झेलला.

साडेसात वाजले होते. टिपणीस बग्गीतून उतरत असताना इरा पुढं आली. घामानं भिजलेली, ट्राँबोन खांद्याला. "बाबा," ती म्हणाली, "मैदानात हे असं झालं नसतं." आणि तिनं त्यांच्या चष्म्याच्या काडीत अडकलेली मुंडावळी सोडवली.

पण फाटक बंद होतं. आत परेशभाईंच्या हेतलबेन ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या, मागं बिल्डिंगच्या सगळ्या बायका.

"वसुंधराबेन, नाव घेतल्याशिवाय आत नाय. आधी टिपणीसभाई."

टिपणीस म्हणाले, की उखाण्यांशी त्यांचा संबंध नाही. बायका म्हणाल्या, मग फाटकाशीही नाही. रेवानं ट्रॉलीवरचा माइक आणून दिला. टिपणिसांनी घसा साफ केला. यमक शोधलं. सोसायटी सापडली, सोबती सापडला, पण मध्ये काय घालावं ते सुचेना. ट्रॉलीवरच्या सगळ्यांची नजर त्यांच्याकडे. एकतीस वर्षं ते चारचौघांत तिला 'अगं' म्हणत आले होते, आणि तेही हळूच.

"वसुंधरा," ते म्हणाले. पुढं काही आलंच नाही.

आवाजाच्या पेटीवर शार्दूलचा हात होता. डब वाजवणाऱ्यांची ही सवयच, चांगला आवाज कानावर पडला, की बोट आपोआप आवाज घुमवणाऱ्या खटक्यावर जातं. वसुंधरा, म्हणालं पहिल्या इमारतीचं भिंताड. वसुंधरा, म्हणाली पाण्याची टाकी. सुंधरा, सुंधरा, असं करत ते नाव गॅलऱ्यांना लागत, कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेलं आणि परत आलं. ज्या खिडक्या वरातीला उघडल्या नव्हत्या, त्या उघडल्या. ड्रमवाल्यानं त्या नावाचा वेग धरला आणि काठी हळूच टेकवली. रेवानं सॅक्सोफोन उचलला. इरानं हसू आवरून ट्राँबोन ओठांना लावला, आणि खाजणनं पनवेलमधलं शेवटचं गाणं त्या नावावर सुरू केलं.

टिपणीस माइक हातात धरून उभे होते. तो कोणाकडे परत द्यायचा हे त्यांना कळेना.

"ऐकू आलं मला," वसुंधराबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "पण म्हणा अजून एकदा."